चेंबरचा नट

हे मी आजवर कोणापाशीच बोललो नाही. बायकोपाशी नाही, दोस्तापाशी नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हा बी हा विषय सोडून बाकी सगळं बोलतो — जसं काही त्याले ठाऊकच नाही. तुमची माही ओळख नाही, म्हणून तुमाले दोस्त समजून सांगतो. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यात पाहून हे निघत नाही, मी करून पाह्यलं. दोनदा. दोन्ही वेळा कापसाच्या भावाच्या गोष्टी सांगून घरी परत आलो.

मले भेव वाटते. बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरींचा बाप, अन् भेव वाटते असं लिहाले लाज वाटते. पण वाटते, त्याले काय करता? गॅरेजसमोर नवीन गाडी उभी राह्यली का मी आधी तिच्या खाली थेंब आहे का ते पाहतो. कोणी नुसतं विचारलं, "गजू, जरा इकडं ये" — का हातातला पाना खाली पडते. लोक हसतात. म्हणतात, गजू मोठा घाबरट झाला बापा. झालो खरा. काहून झालो ते त्यांना कायले सांगू?

गाडीपासून सुरू करतो. गाडीपासून सांगाले सोपं आहे.

मी मूळचा आर्णीकडचा. तिकडं दुचाक्या दुरुस्त करत होतो, मग वणीले आलो, कारण वणीत कोळसा आहे अन् कोळसा म्हणजे ट्रक. हमीद चाचाच्या गॅरेजात लागलो. चाचा म्हणजे माहे उस्ताद. मोठा पेचकस इंजिनाले टेकवून त्याच्या मुठीले कान लावत अन् आतलं काय दुखते ते सांगत. आवाज कधी चढवला नाही, पण चिडवाले पक्के. माह्या हातात जोर म्हणून मले आर्णीचा पहेलवान म्हणत. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. ट्रकचं जे काही मले येते, ते त्या माणसानं शिकवलं.

अन् ट्रकचं एक असते, ते तुमाले आधीच सांगून ठेवतो. इंजिनाच्या बुडाशी ऑइलचं भांडं असते, त्याले आमी चेंबर म्हणतो. त्याच्या तळाले एक नट. तो खोलला का जुनं ऑइल खाली येते. आता कोळशाच्या रस्त्यावर दिवसभर आपटणाऱ्या ट्रकचा हा नट नुसता आवळून भागत नाही, तो ढिला होते. म्हणून आमच्याकडं रीत आहे — नट बसला का पान्यात पाइप अडकवायचा, पाय रोवायचे अन् अंगाच्या वजनानं एक झटका अजून द्यायचा. त्याले शेवटचा हात म्हणतात. शेवटचा हात दिला नाही तर ड्रायव्हर गाडी नेत नाही, असाबी जमाना होता. लोखंडी चेंबर, लोखंडी नट. काही होत नाही त्याले.

ती गाडी मात्र लाल होती. बुटकी, दोन माणसांची, रेसच्या गाडीसारखी. निखिलभाऊंची — त्यांची कापसाची जिनिंग आहे, अन् त्यांच्या वडिलांच्या जीपपासून त्या घरच्या गाड्या चाचाच पाहत. भाऊंनी ती पुण्याहून कोणाची तरी वापरलेली आणली. हौस होती बिचाऱ्याले. दुसऱ्या दिवशी वहिनीले घेऊन नागपूरले जायचं होतं, ऑइल बदलायचं राह्यलं होतं, म्हणून सकाळी गाडी आणून ठेवली अन् म्हणाले, चाचा, तुमच्याशिवाय कोणाले हात लावू देणार नाही.

चाचा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. जमिनीवर गाल टेकवून खाली टॉर्च मारली. मग मले म्हणाले, ऑइल वरून काढू. म्हणजे ऑइल तपासायची जी पट्टी असते ना, तिच्या नळीतून बारीक पाइप आत सोडायचा अन् हातपंपानं जुनं ऑइल ओढून घ्यायचं. चाचांनी तो पंप नागपूरहून आणून ठेवलता, मी त्याले कधी हात लावला नव्हता. मले ते कामच वाटत नव्हतं. मी म्हटलं, चाचा, वरून ओढलं का गाळ तळाशी राहते. जुन्या भाजीचं भांडं न घासता त्यातच नवी भाजी शिजवल्यासारखं. चाचा हसले. म्हणाले, भांडं काचेचं असलं तर घासताना फुटते, पहेलवान. मग समजावून सांगतलं — हा चेंबर ॲल्युमिनिअमचा आहे, नट ज्यात फिरते ते आटे नाजूक, गाडी खाली इतकी टेकलेली का नीट हात जात नाही. या गाड्यांत वरून सगळं ऑइल निघते, गाळ राहत नाही. खालच्या नटाले हात लावू नको.

शुक्रवार होता. चाचा आंघोळ करून, पांढरे कपडे घालून नमाजले गेले.

आता इथं मी थांबतो. दरवेळी मनात हे सांगत सांगत इथवर येतो अन् थांबतो. मी त्यांचं काहून ऐकलं नाही? तुमाले वाटेल, राग असेल. राग नव्हता. मले वाटलं का चाचा म्हातारे होऊन राह्यले, भेऊन राह्यले. अन् मले निखिलभाऊंना दाखवायचं होतं. बरणीत काळा गाळ धरून म्हणायचं होतं, पाहा भाऊ, हे निघालं तुमच्या गाडीतून, अन् हे मी काढलं. इतकंच. एवढ्याशा फुशारकीसाठी.

पुढची दोन चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवली. खालचं प्लास्टिकचं झाकण काढलं. नट खोलला. ऑइल आलं — चहाच्या रंगाचं, साफ. गाळाचा एक कण नव्हता. चाचा बरोबर होते. मी तेव्हाच थांबलो असतो, नट हलक्या हातानं बसवला असता, तर आज तुमाले सांगाले काही राह्यलंच नसतं.

पण हाताले सवय. नट आवळला, बसला. अन् मग — मी विचारसुद्धा केला नाही — पान्यात पाइप अडकवला अन् शेवटचा हात दिला.

नट कडक होता होता एकदम नरम पडला.

मेकॅनिक असाल तर तुमच्या बी अंगावर काटा येईल. आटे मेले का हाताले असंच लागते, आतमधी काहीतरी लोण्यासारखं होते. नट काढून पाह्यला तर त्याच्या अंगाले चांदीसारखा कीस चिकटलेला. माह्या तळहातावर तो चमकून राह्यला होता. गाडीखाली झोपलेला मी, छातीवर इंजिन, अन् श्वास घ्याले जागा नाही असं वाटलं. ओंडक्यावरून गाडी घसरून अंगावर आली असती तर बरं झालं असतं, असंबी मनात आलं. देवाशपथ आलं.

मग मी काय केलं ते ऐका. नळवाले वापरतात ती पांढरी पट्टी असते ना, ती नटाभोवती गुंडाळली. सात-आठ वेढे. वरून सीलबंदीचा मसाला फासला अन् नट दाबून, फिरवून, कसातरी बसवला. नवीन ऑइल ओतलं. पाह्यलं — थेंब नाही. परत पाह्यलं — थेंब नाही. झाकण लावलं.

अन् यानंतरचं मी भेवानं केलं असं म्हणू शकत नाही, कारण ते डोकं लावून केलं. चाचाचा तो कोरडा पंप घेतला, जुन्या ऑइलच्या ड्रममधी बुडवला अन् चार वेळा ओढला. पाइप काळा झाला. वापरल्यासारखा. मग पुसून, जरासा काळा ठेवून, होता तिथं ठेवला.

चाचा परत आले. अत्तराचा वास होता त्यांच्या अंगाले. पंपाकडं पाह्यलं अन् विचारलं, "वरूनच काढलं ना, बेटा?"

मी म्हटलं, "हाव."

संध्याकाळी निखिलभाऊ आले तेव्हा चाचा त्यांना मोठ्या खुशीत सांगत होते का आमच्या गजूनं मशीननं काम केलं, खालून गाडीले बोट नाही लावलं. मी बाजूले उभा राहून हात पुसत होतो. हात कधीचे साफ झालते, तरी पुसतच होतो. गाडी घूं करून निघून गेली. खाली फरशीवर थेंब आहे का ते मी पाह्यलं. नव्हता. म्हटलं, निभलं.

तुमाले वाटत असेल, झालं — हाच याचा गुन्हा. मीबी बरेच दिवस स्वतःले हेच सांगत राह्यलो. पण सगळ्यात वाईट ते अजून यायचं आहे, अन् ते सांगाले मले पाणी प्यावं लागलं.

शनिवारी सकाळी राहवलं नाही. खाई त्याले खवखवे. मोटरसायकल काढली अन् कामाच्या रस्त्यानं न जाता निखिलभाऊंच्या घरावरून गेलो. पोर्च रिकामा. गाडी निघून गेलेली. अन् पांढऱ्या फरशीवर, जिथं इंजिन उभं असेल तिथं, भाकरीएवढा डाग.

भाकरीएवढा डाग म्हणजे काय, ते मी तुमाले सांगतो. गाडी नुसती उभी असताना इतकं गळालं, तर इंजिन गरम झाल्यावर, रस्त्याच्या धक्क्यांनी, तो नट किती वेळ टिकणार? मले हिशेब येत होता. मलेच येत होता — साऱ्या वणीत दुसऱ्या कोणाले तो ठाऊकच नव्हता. मी तिथंच फाटकापाशी फोन काढला, भाऊंचा नंबर लावला. दोन रिंगा गेल्या. अन् मी कापला. काहून? कारण उचलल्यावर मी काय बोलणार होतो? गाडी थांबवा भाऊ. काहून थांबवू? नट गळते. तुले कसं माहीत, तू तर खालून हात लावला नाही? तिथवर माही जीभ पोचतच नव्हती.

मग फोन वाजला. भाऊंचाच. देवानं घास परत तोंडापाशी आणून दिला, असं समजा. उचलला तर वहिनी होत्या, वर्षावहिनी. मागं गाणी लागलेली.

"गजूभाऊ, ह्यांना फोन केला होता का? हे गाडी चालवतायत."

फाटकापाशी उभा होतो. समोर तो डाग.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "चुकून लागला."

त्या हसल्या. बरं म्हणाल्या. नागपूरहून काही आणायचं आहे का, असंबी विचारलं. मी नाही म्हटलं. फोन ठेवला.

हे आहे ते. हे मी कोणालेच सांगतलं नाही. आटे मारले ते हाताच्या मस्तीनं, चाचाशी खोटं बोललो ते भेवानं — पण हा फोन? एका बाईचा जीव माह्या कानापाशी बोलून राह्यला होता अन् मी तिले म्हटलं, चुकून लागला.

वरोऱ्याच्या रस्त्यावर नट पडला. ऑइलचा लाल दिवा लागला होता, भाऊंनी पाह्यलाबी. पण कालच चाचांच्या गॅरेजात काम झालं आहे, म्हणजे दिवाच खराब असणार, असं म्हणून ते तसेच पुढं गेले. चाचांच्या नावावर इतका भरवसा होता त्यांचा. मग इंजिन जाम झालं, गाडी रस्त्याच्या मधोमध अडकली, अन् मागून कोळशाचा ट्रक. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून दोघं वाचले. धडक डाव्या बाजूले बसली. डाव्या बाजूले वहिनी होत्या.

त्या शाळेत शिकवत. रोज चालत जात, आमच्या गॅरेजवरूनच. आता डाव्या पायात सळ्या आहेत. रिक्षा घरापाशी येते, ड्रायव्हर काठी हातात देते, मग त्या चढतात. त्या रिक्षाचा आवाज मी दुरूनच ओळखतो अन् आत जाऊन कोणत्यातरी ट्रकखाली शिरतो.

नागपूरच्या वर्कशॉपवाल्यांनी सांगतलं का चेंबरचा नट पडून गेला होता, भोकातले आटे खाल्लेले होते, आधीच्या मालकानं कोणाकडून तरी वाईट काम करून घेतलं असेल. पण ऑइल बदलताना नट तपासाले पाह्यजे होता, असं ते म्हणाले. बस. सगळं चाचावर आलं. गावात बोलू लागले का म्हाताऱ्यानं मशीन आणली, वरच्यावर काम केलं, खाली वाकून पाह्यलंसुद्धा नाही. अन् चाचांनीबी ते मानलं. मीच म्हटलं होतं खाली हात लावू नको, मीच पाहाले पाह्यजे होतं, असं ते मलेच सांगत. मले! अन् मी काय करत होतो? मान हलवत होतो.

मी तीन दिवस त्या रस्त्यावर तो नट शोधला. सकाळी काहीतरी बहाणा करून निघायचो अन् कडेकडेनं चालायचो, गवतात पाय घालून. ट्रक जवळून जायचे, हॉर्न वाजवायचे. तुमाले वाटेल, खरं सांगायसाठी शोधला असेल. नाही. तो सापडला असता तर मी विहिरीत टाकणार होतो. त्यावर माही पांढरी पट्टी आहे. ती पट्टी कोण्या दुसऱ्या मेकॅनिकले दिसली असती तर त्याले एका नजरेत समजलं असतं. सापडला नाही. म्हणजे तो अजून कुठंतरी पडलेला आहे.

वहिनीले दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चाचा मले घेऊन गेले. टोपी हातात काढून घेतली होती. खाटेपाशी उभे राह्यले. सत्तरीले टेकलेला माणूस — लेकरासारखा रडला. माफ करा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, चाचा, असं करू नका, माणसाच्या हातून होते. मग चाचांनी माह्या खांद्यावर हात ठेवला अन् निखिलभाऊंना म्हणाले, "याले काही बोलू नका. यानं मी सांगतलं तेच केलं."

वहिनीनं माह्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. त्या सकाळचा फोन त्यांना आठवत होता का? आजवर मले कळलं नाही. दोन रिंगांचा फोन, चुकून लागलेला, अन् त्यानंतर तासाभरात — आठवत नसेल? मग बोलत काहून नाहीत? निखिलभाऊ अजून गॅरेजात येतात, माह्याशी चांगलं बोलतात, अन् ते जितकं चांगलं बोलतात तितकी मले धडकी भरते. त्या दिवशी मी त्या खोलीत तोंड उघडू शकलो असतो. खांद्यावर चाचाचा हात होता. त्याचं वजन मले कळत होतं. मी खाली मान घालून उभा राह्यलो.

याले सहा वर्षं झाली. चाचांनी गॅरेज माह्या हवाली केलं. म्हणाले, तुह्या हातात यश आहे, माह्या हातातलं अल्लानं काढून घेतलं. तो पंप त्यांनी स्वतः भंगारात दिला. पेचकसाले कान लावणं सोडलं — कोणी आग्रह केला तर म्हणतात, मले काही समजत नाही आता, गजूले विचारा. त्यांना सगळं समजते. त्या दिवशीबी समजत होतं. हे जगात फक्त मले ठाऊक आहे अन् मी ते दाबून बसलो.

मी कारण देत नाही. भेव हे कारण नाही, भेव तर सगळ्यांनाच असते. तुमी मले माफ करा असं म्हणत नाही, काय करू असंबी विचारत नाही. काय करायचं ते त्या फाटकापाशीच मले माहीत होतं.

चाचा अजून रोज येतात. काम करत नाहीत, खुर्चीवर बसतात. पण ऑइल बदललेली एकबी गाडी ते तशी जाऊ देत नाहीत. काम झालं का उठतात, गुडघे धरत धरत खाली बसतात, पोत्यावर आडवे होतात अन् सरकत सरकत गाडीखाली जातात. मी आवळलेला नट स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहतात. मी किती वेळा म्हटलं, चाचा राहू द्या, मी पाह्यला. ते म्हणतात, एकदा पाह्यलं नव्हतं ना, बेटा.

आज तीन गाड्या झाल्या. तिन्हींच्या खाली ते गेले. टॉर्च मी धरली होती.